तीनदा चाळलेली राख

"केझाया, हात चालव गं बाई! साहेबाच्या हातात घड्याळ आहे," डॉर्कस मावशी पलीकडच्या ढिगावरून ओरडली.

"असू दे. माझ्या हातात चाळणी आहे," आई म्हणाली.

टेम्सकाठच्या त्या आवारात आमच्या वस्तीतल्या घराघरांची राख गाड्यांनी यायची आणि आम्ही बायका ती चाळायचो. बारीक राख आणि अर्धवट जळलेला कोळसा वीटभट्टीला, हाडं साबणवाल्याला, चिंध्या कागदवाल्याला. आईनं त्यात सव्वीस वर्षं काढली होती. मी एकोणीसची, तिच्या शेजारच्या चाळणीवर.

पूर्वी ही राख मिळावी म्हणून ठेकेदार वस्तीचा कारभार बघणाऱ्या समितीला पैसे मोजायचा. मग वीटभट्ट्या लांब गेल्या, आणि तोच ठेकेदार राख उचलायचे पैसे मागायला लागला. समितीनं त्याला हाकललं, स्वतःच्या गाड्या घेतल्या. राहता राहिलो आम्ही. बायका ठेवायच्या, की सरसकट सगळं जाळणारी भट्टी बांधायची? ते ठरवायला समितीचे आर्कल साहेब आले होते. एका बाईनं एक गाडा चाळायचा. निघालेल्या मालातून तिच्या तासांची मजुरी सुटली, तर आम्ही राहणार.

आम्ही एकमुखानं आईचं नाव दिलं. तिथंच चुकलो.

आईचं काम बघायला जन्मात कुणी साहेब आला नव्हता. ती पांढरी टोपी घालून आली होती, जशी काही चर्चलाच निघालीय. एकदा चाळलेली राख तिनं पुन्हा चाळली. मग तिसऱ्यांदा. वाटाण्याएवढा कोळसासुद्धा वेचला. कालवांचे शिंपले एकात एक बसवून रचले.

"आई, पुरे," मी कुजबुजले. "ते वेळ मोजतायत."

"मोजू देत की. एवढा लांबून आलाय बिचारा, त्याला काय घाईघाईचं दाखवू?"

"अगं, राख आहे ती, नवरीचा झगा नव्हे!" डॉर्कस मावशी कळवळली.

"तू बोलूच नकोस, डॉर्कस. तुझ्या चाळणीतून बूट जातो."

साहेबसुद्धा हसले.

एरवी तेवढा गाडा ती अकराच्या आत उरकायची. त्या दिवशी चार वाजले. साहेबांनी चिमूटभर राख तळहातावर चोळून पाहिली.

"मिसेस टॅपली, इतकी स्वच्छ राख मी आजवर पाहिली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हॅट उचलली. खरंच उचलली, माझ्या आईपुढे. मग वहीत वेळ लिहिला.

घरी येताना आई रस्ताभर गुणगुणत होती.

पुढच्या वसंतात भट्टी पेटली. बायका कुणी धुण्याला लागल्या, कुणी मासे विकायला. पण आपसांत सगळ्यांनी ठरवलं, तिच्या त्या दिवसामुळं काम गेलं हे केझायाला सांगायचं नाही. "समितीचं आधीच ठरलं होतं गं," डॉर्कस मावशी तिला भेटेल तेव्हा सांगायची. आई नुसती मान हलवायची.

म्हातारपणी ती माझ्याकडे होती. आमच्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात हाडं कागदात गुंडाळलेली असायची आणि राख पिठासारखी.

"आजी, सगळं एकाच भट्टीत जातं हो," गाडीवाला म्हणायचा. "कशाला जीव काढताय?"

"ठाऊक आहे रे," आई म्हणायची, आणि डब्याची कड एप्रननं पुसून तो दोन्ही हातांनी त्याच्याकडे द्यायची.