नवव्या दिवसाची पट्टी

"सही करण्याआधी कंपनीचा हा करार घरी, सगळे जेवायला बसले की मोठ्यानं वाचा, मॅडम," प्रयोगशाळेतले काका म्हणाले होते. काका म्हणजे तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. तिच्याआधी दोघांना कंपनीत जाताना आणि परत येताना त्यांनी पाहिलं होतं. "ज्यांच्यापासून लपवायचंय, ती माणसं बऱ्याचदा आपल्याच ताटाशेजारी बसलेली असतात."

ती हसली. "काका, मी हेर व्हायला निघाले नाहीये. फेलोशिपवर निघालेय." आणि शेवटच्या पानावर सही करून मोकळी झाली.

फेलोशिप तशी सोन्यासारखी. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञानं दोन वर्षं कंपनीत काम करायचं आणि शिकलेलं परत आणून इथे रुजवायचं. तिचं काम एका चिकटपट्टीचं होतं. तिची मुलगी दोन महिने आधीच जन्मली होती. काचेच्या पेटीतल्या त्या मुठीएवढ्या जिवाच्या छातीवरची पट्टी नर्सनं काढली, तेव्हा पट्टीबरोबर कातडीही आली. कातडी न सोलणारी पट्टी करायची, हे त्या दिवशी तिनं मनात घेतलं ते घेतलंच.

कंपनीत ती जवळून गेली की लोक संगणक वळवून घेत. "कॉलेजवाल्या आल्या, आता छापून आणतील!" तरी काम झालं. नवा डिंक कातडीवरून अलगद सुटू लागला, पण आठच दिवस. नवव्या दिवशी पेटीतल्या उबेनं आणि दमटपणानं त्याचा दगड होई. "एवढ्याशा बाळांचा बाजार तो केवढा?" म्हणत कंपनीनं काम गुंडाळलं. वह्या कुलपात गेल्या. करारानुसार पाच वर्षं तोंड बंद.

ती परत आली, तर इथे वेगळंच सोवळं. ती दारात दिसली की सहकारी घाईघाईनं फळा पुसायला घेत.

"अहो, राहू द्या की."

"छे छे, जुनंच होतं ते."

'बाटली' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही, एवढंच.

फळा पुसला नाही तो एकटीनं, तिच्या धाकट्या नणंदेनं. सतत काही ना काही करत असायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. वहिनी कंपनीत गेली तेव्हा तिच्या रिकाम्या टेबलावर मुंगीची पीएचडी सुरू झाली होती, वहिनीच्याच अर्ध्या राहिलेल्या कामावर.

एका रविवारी सकाळी ती मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती. मुंगी धावत आली आणि मुलीच्या चित्रकलेच्या कागदामागे भराभरा आकृती काढू लागली. "वहिनी, डिंक सापडला! बघ ना!"

तिनं पाहिलं. तोच डिंक. कंगवा केसांत अडकला तसाच राहिला, मुलगी ओरडली.

"बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?"

"मला नाही सांगता येणार."

"बरं, नुसती मान हलव. उभी की आडवी?"

"अगं, मान हलवायलाही कंपनीची परवानगी लागते की काय?" सासूबाई आतून म्हणाल्या. "आमच्या वेळी नवरीला तेवढी मुभा तरी होती!" सगळे हसले. तीही हसली. मान मात्र तिनं हलवली नाही.

परवानगी तिनं मागितली. तीन पत्रं धाडली. तिन्हींना एकच उत्तर आलं, विनंती विचाराधीन आहे. विभागप्रमुख म्हणाले, "तू बोललीस की ते संस्थेवर दावा ठोकणार. आणि खरं सांगू? तू कंपनीसाठी तुझ्या नणंदेला मुद्दाम भरकटवत नाहीस, हे आम्ही कशावरून धरायचं?" नवऱ्यानं समजूत घातली, "तुझी नेमणूक अजून कायम व्हायचीय. जरा थांब. ती हुशार आहे, तिचं तिला कळेल."

मुंगीला कळलं ते भलतंच. दर नवव्या दिवशी पट्टी दगड होई आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. हातमोजे बदलले, तराजू बदलला, पाणी बदललं. नखं इतकी कापली की बोटांतून रक्त आलं. जेवताना घास हातात तसाच ठेवून ती म्हणे, "माझे हातच वाईट आहेत गं, वहिनी." वहिनी तिला आणखी वाढी.

गप्प राहण्याची ही रूढी कुठल्या पोथीत नाही, करारात आहे, म्हणून कुणी तिला रूढी म्हणत नाही. सापडलेलं लपवतात, ते एक वेळ समजू. पण फसलेलंही लपवायचं? एकजण खड्ड्यात पडला हे त्याच्या मागून येणाऱ्याला सांगायचं नाही, हा कुठला कायदा?

सोळा वेळा पट्टी फसल्यावर समितीनं शेरा मारला, 'हाताला सफाई नाही.' मुंगीचं नाव पीएचडीतून कमी झालं.

त्या दुपारी वहिनी तिच्याशेजारी पलंगावर बसली. "नवव्या दिवशी त्याचा दगड होतोच. तुझ्या हातामुळे नाही."

मुंगीनं विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"तू आकृती काढून दाखवलीस, त्या रविवारपासून."

"सोळा वेळा, वहिनी." आवाज चढला नाही. "आणि रोज सकाळी तू माझा डबा भरून देत होतीस."

चार दिवसांनी मुंगी घर सोडून गेली. करार मोडल्याचं वहिनीनं प्रमुखांना स्वतःहून लिहून दिलं, आणि तिची नेमणूक कायम व्हायची राहिली ती राहिलीच. अपयश सांगण्याची मुभा करारात असावी, असं ती फेलोशिप देणाऱ्यांना दर महिन्याला लिहिते. उत्तर येत नाही. मध्यंतरी वर्तमानपत्रात तिनं वाचलं, आणखी एका विद्यापीठात कुणी मुलगी तोच डिंक घेऊन मोठ्या उमेदीनं बसली आहे. बातमीत त्या मुलीचं नावही नव्हतं, कळवायचं तरी कुणाला?

मुंगी आता दुसऱ्या गावात औषधाच्या दुकानात काम करते म्हणे. वहिनीचा फोन उचलत नाही. आईला दोन शब्दांत उत्तर देते. अंगानं बारीक, जाड भिंगांचा चष्मा, नखं मुळापासून कापलेली. तुमच्या औषधांच्या दुकानात अशी कुणी दिसली, तर एवढं करा. गोळ्या घेतल्यावर लगेच निघू नका. ती जेवली का, ते विचारा. तिचे हात बरे आहेत का, ते बघा. कुणी पाठवलं हे मात्र सांगू नका. सांगितलंत, तर ती बोलायची नाही.