चव्वेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस

मी ऑडिओ इंटरफेस बोलतोय. नाव भारदस्त, काम हमालाचं. कॉम्प्युटरमधलं गाणं आकड्यांच्या रूपात घ्यायचं, त्याचा आवाज करायचा आणि स्पीकरच्या दारात नेऊन ठेवायचा. खोक्यातून निघालो तो थेट एका डबिंगवाल्याच्या टेबलावर. चार वर्षं त्याच्याकडे पडद्यावरच्या लोकांची रडारड वाहिली. मग त्याने नवा आणला आणि मला सर्कशीतल्या साउंडवाल्याला विकून टाकलं.

हा साउंडवाला आधी झुल्यावर असायचा. उलटा लटकून समोरून उडत येणाऱ्याला झेलायचा. एकदा जाळीत वेडावाकडा पडला, मनगट मोडलं, आणि तो खाली वायरींच्या गुंत्यात आला. झेलायची जागा त्याच्या मेव्हण्याने घेतली. उडणारी मात्र तीच, साउंडवाल्याची धाकटी बहीण, म्हणजे मेव्हण्याची बायको.

त्या दुपारी तालीम होती. जुन्या सीडी प्लेअरने सकाळीच मान टाकली होती. साउंडवाल्याने मला लॅपटॉपला जोडलं, स्पीकरच्या वायरी खोचल्या, आवाजाचं बटण फिरवलं. हूं नाही की चूं नाही.

"बोल की रे बाबा!" त्याला घाम फुटला.

शेवटी लॅपटॉपच्या यादीत त्याने माझं नाव निवडलं आणि गाणं वाजलं. दोन सेकंद ऐकून त्याने ते बंद केलं. "लागलं गं!"

लागलं होतं, पण चुकीचं. ते गाणं सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर आकड्यांचं. माझं घड्याळ डबिंगवाल्याने अठ्ठेचाळीस हजारांवर ठेवलेलं. म्हणजे तेच आकडे मी भराभर संपवणार, गाणं घाईने पळणार. फार नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, नव्या मशीनवर आवाज जरा खुललाय. मी सांगणार कसा? मला एक हिरवा दिवा आहे, आणि तो बरोबर-चूक सारखाच लुकलुकतो.

ती वरच्या फळीवर चढली. डोळ्यांवर काळी पट्टी बांधली.

"दादा, आता मला फक्त गाणंच दिसतंय हं."

"घाबरवू नकोस. जावईबापू, तयार?"

"कधीचा लटकलोय!" मेव्हणा उलट्या अंगाने ओरडला.

गाण्यातला ढोल सुरू झाला आणि ती झुल्याची दांडी धरून फळीवरून सुटली. सोळाव्या ठोक्याला तिने हात सोडायचा, त्याने झेलायचं. मी आकडे ढकलत होतो. झुला कुणाचं ऐकत नाही; दोरी जेवढी लांब, तेवढाच त्याचा वेळ. साउंडवाल्याचं मोडकं मनगट सवयीने टेबलावर ताल धरत होतं. नवव्या ठोक्याला ते अडखळलं. त्याने वर पाहिलं. बाराव्याला मेव्हण्याचा झुला अजून मागेच होता. तेराव्यालाही.

"थांब!"

स्पीकरपुढे त्याचा आवाज कुठला ऐकू जाणार? त्याने माझी वायर मुठीत धरली आणि उपटली. माझं सॉकेट फाटलं. पंधरावा ठोका अर्धाच वाजला.

दोऱ्या करकरत होत्या. गाणं बंद पडलं तर दांडी सोडायची नाही, हा त्यांचा नेम. पण तिची बोटं सैल झालीच होती. उजवा हात सुटला. डाव्या हातावर ती लांबवर झुलत गेली, परत आली, आणि कशीबशी दांडी पकडली.

"दादा?" इतकंच म्हणाली.

"चूक माझी आहे. फळीवर जा. पट्टी काढ."

संध्याकाळी तो खेळ झालाच नाही. मॅनेजर आरडाओरडा करून गेला. भावाने काही लपवलं नाही; बहिणीला आणि मेव्हण्याला समोर बसवून, लॅपटॉपवर सापडलेल्या अठ्ठेचाळीस हजारांच्या आकड्यासकट सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझं सॉकेट डाग देऊन जोडलं गेलं. ती माझ्यासमोर येऊन बसली. डावा खांदा सुजलेला.

"आकडा कुठे दिसतो, दाखव."

त्याने दाखवला. तिने स्वतःच्या बोटाने बदलला, मग अख्खं गाणं शांतपणे ऐकलं. "आता माझं वाटतंय," म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक खेळाआधी ती येते, आकडा मोठ्याने वाचते आणि मगच वर चढते.

माझं सॉकेट अजून डुगडुगतं. किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. माझ्या जागी उद्या दुसरा आणाल, खुशाल आणा. फक्त आवाज आला म्हणून लगेच उठू नका. बसा, गाणं शेवटपर्यंत ऐका. वर कुणीतरी त्याच्याच भरवशावर हात सोडणार असतं.