खेळ संपेपर्यंत

शहापुरात विणकरांच्या आळीत व्हॉलीबॉलला कुणी खेळ म्हणत नसे. तिथे त्याचं नाव होतं ‘हवेत थापा मारायचा धंदा’, आणि त्या धंद्यापायी जोतिबाचा थोरला शामू पार वाया गेला, यावर सगळ्या आळीचं एकमत होतं. या आळीचं एकमत एरवी पाण्याच्या पाळीवरसुद्धा होत नसे.

शामूने त्या साली मॅट्रिकची परीक्षा दिली होती. एवढं शिकलेला घरात तो पहिलाच. कॉलेजची फी घरच्या मागाला पेलणारी नव्हती. पण कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात निवड झाली तर फी माफ होणार होती, आणि निवडीचा सामना मे महिन्याच्या शेवटी ठरला होता. नेमका तेव्हाच आप्पांचा, म्हणजे त्याच्या बापाचा, दमा उसळला.

सामन्याच्या दिवशी आप्पा भिंतीला टेकून बसले होते. बोलायला दम पुरत नव्हता. शामूला उंबऱ्यात घुटमळताना पाहून त्याची आई अंबुबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरताच म्हणाली, “मी हाय न्हवं घरात? तू जा. आज गेला न्हाईस तर जलमभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसशील. मग मला त्वांड दावू नगंस.”

गोड बोलून कुणाचं भलं होतं यावर अंबुबाईचा विश्वास नव्हता.

मैदान टिळकवाडीच्या बाजूला होतं. बाकीच्या पोरांच्या पायांत कॅनव्हासचे बूट, शामू अनवाणी. खेळाचे सर खुर्ची टाकून बसले होते. शामूची पहिली सर्व्हिस जाळीत गेली, दुसरी सरळ बाहेर. जाळीपाशी बॉल वर उचलून द्यायला त्याच्या बाजूला कॉलेजचाच भरमा होता, बेळगुंदीच्या शेतकऱ्याचा पोरगा. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “हात का कापतोय रं? बॉल हाय त्यो, इंगळ न्हवं.”

 घाम पुसायला शामू वळला आणि त्याला मैदानाच्या कडेला आप्पांचे धाकटे भाऊ यमनाप्पाकाका दिसले.

शेजारी चिंचेची सावली असून काका उन्हात उभे होते. पायांत वहाणा नव्हत्या आणि डोकं उघडं होतं. यमनाप्पाकाकांना उघड्या डोक्याने कुणी कधी पाहिलं नव्हतं. झोपतानाही ते रुमाल उशाशी घेत. घरातलं माणूस गेलं की मगच पुरुष डोक्याचा रुमाल उतरवतात.

शामूला कळायचं ते कळलं. पण काका हाक मारत नव्हते. ते नुसते बॉलकडे बघत होते, बॉल इकडे आला की इकडे, तिकडे गेला की तिकडे. तेव्हा शामूच्या हेही लक्षात आलं, की खेळ संपेपर्यंत बोलू नका असं त्यांना सांगून पाठवलंय. सांगणारी आईच. बातमी कानावर पडली की शामूला खेळ सोडून निघावं लागणार. सुतकातल्या माणसाने कुणाला शिवायचं नसतं, दहा जणांच्या हातून फिरणाऱ्या बॉलला तर नाहीच. कानावर पडली नाही तोवर तो खेळू शकत होता. आईने एवढा विचार केला होता. काकांनीही इमानाने तोंड मिटलं होतं. रुमाल मात्र ते रीतीप्रमाणे घरी उतरवून आले होते, आणि हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शामूने काकांकडे पाठ केली.

त्याला दुःख झालं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. काहीच झालं नाही. हात कापायचे थांबले. भरमा बॉल वर द्यायचा, शामू उडी मारून हाणायचा. बॉलचा आवाज लांबच्या आळीतून आल्यासारखा वाटायचा. तळवा लाल झाला होता, पण चुरचुरत नव्हता. आता घरी आप्पांना अंघोळ घालत असतील, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात बॉल आला आणि त्याने तो मारला.

सामना त्याच्या बाजूने जिंकला. भरमाने पाठीवर थाप मारली. सर खुर्चीतून उठून आले.

“रिझल्ट लागला की येऊन भेट. फीचं मी बघतो. नाव काय तुझं?”

“शामू.”

“वडिलांचं?”

“जोतिबा.”

“काय करतात?”

“विणतात,” शामू म्हणाला.

काकांनी मैदानावर एवढंच सांगितलं की आप्पाला जास्त झालंय, घरी चल. शहापूर जवळ आलं तेव्हा ते रस्त्यात थांबले. “शामू, आप्पा गेला रं. तू गेल्यावर लगीच.”

“व्हय?” शामू म्हणाला. काका रडायला लागले, तेव्हा त्याने त्यांचा दंड धरला आणि त्यांना चालवत नेलं.

घरात माणसं भरली होती, पण रडण्याचा आवाज नव्हता. आळीतलं एखादं पोर ऐकून मैदानाकडे धावेल म्हणून अंबुबाईने कुणाला रडू दिलं नव्हतं. बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. ती स्वतः नवऱ्याच्या उशाशी होती. डोळे कोरडे.

“घेतलं?”

“घेतलं. फी माफ.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “तितं कळलं नव्हतं न्हवं तुला?”

“म्या चकार शबूद काढला न्हाय, वैनी,” काका म्हणाले.

“न्हाय कळलं,” शामू म्हणाला. “वाटंत सांगितलं काकानं.”

अंबुबाईचे खांदे सैल पडले. ती आप्पांच्या कानाशी वाकली. “ऐकलासा? घेतलं त्येला.” मग बायकांकडे वळून म्हणाली, “आता रडा गं.” आणि सगळ्यांच्या आधी तिनेच हंबरडा फोडला.

शामू उभाच होता. त्याला फार तहान लागली होती, आणि आता या घरात पाणी कुणाकडे मागायचं ते त्याला कळत नव्हतं.