तपकिरी आहे तोवर

खात्याची रीत अशी, की जो रस्ता जास्त बोंबलेल त्याला आधी डांबर. इंजिनियरबाईंनी यंदा ती मोडली. चांगल्या रस्त्यावरच पातळ डांबर फवारून वर बारीक खडी दाबायची, म्हणजे तो थोडक्या खर्चात आणखी सहा-सात वर्षं तगतो. शेजारच्या खड्डेवाल्या रस्त्यावर तेच ओतणं म्हणजे ढासळत्या भिंतीला रंग देणं. हिशेब चोख होता. फक्त त्या खड्डेवाल्या रस्त्यावर बाईंचा थोरला भाऊ राहत होता, हे त्यात कुठे धरलं नव्हतं.

टँकर पाण्यात कालवलेलं, ओलं आहे तोवर तपकिरी दिसणारं डांबर फवारत पुढे गेला, आणि दादाने खडीच्या ट्रकपुढे प्लास्टिकची खुर्ची मांडली. मागे अख्खी गल्ली.

"धडधाकटाला टॉनिक अन् आजाऱ्याला वाऱ्यावर! वा गं चिमणे!"

'चिमणे' ऐकून रोलरवाल्याने तोंड फिरवून हसू गिळलं.

"दादा, ऊठ. हे काळं पडायच्या आत खडी पडली पाहिजे, नंतर ती चिकटत नाही. टँकर वाया गेला तर यंदा दुसरा नाही. हाही रस्ता तुमच्यासारखा होईल."

"होऊ दे की. आम्हाला सोबत!"

गल्ली खिदळली. भोंगा नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रकवाल्याने नावाला जागून हॉर्न दाबला. डांबराची कड काळवंडू लागली.

"एकच सांग. आमचा रस्ता कधी?"

'पुढच्या वर्षी नक्की.' खात्याचं हे उत्तर वापरून वापरून रस्त्यांपेक्षा जास्त झिजलं होतं, पण चालायचं. दादा उठायला निमित्तच शोधत होता. हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकलेही होते. शब्द बाईंच्या ओठांवर आले. पण पुढच्या वर्षी हा गल्लीला काय तोंड दाखवणार?

"तुमचा पार खालपासून उकरून करावा लागेल. तीन वर्षं तरी नाही."

हसणं थांबलं.

"हे घरी येऊन का नाही सांगितलंस?" दादाचा आवाज खाली आला. "इथे चारचौघांत?"

"धीर झाला नाही, दादा."

तो उठला. "ऐकलंत ना? चला," एवढंच गल्लीला म्हणाला.

ट्रक सुटला. पहिली चार-पाच हात पट्टी काळी पडली होती, तिथे खडी नुसती घरंगळली. पुढे मात्र पक्की बसली. बाईंनी हाक मारली. खुर्ची डोक्यावर घेऊन खड्डे चुकवत चाललेला दादा थांबला नाही. मागे न बघताच त्याने हात झटकला, जा, तुझं काम कर.