बाईंच्या पहाऱ्यातला गुलाब

मनीषाने हातातली ओली साडी दोरीवर न घालता कुंपणाशेजारच्या झुडपावर टाकली आणि घाईघाईने पुढे येऊन उभी राहिली.

"अगो बाई! बाई, तुम्ही? वाळपईला? फोन तरी करायचा!"

"फोन केला असता तर तू घरात नाही म्हणून सांगितलं असतंस," सुमंगलाबाई म्हणाल्या आणि छत्री मिटून सोप्यावर टेकल्या. नार्व्याहून दोन बस बदलून आल्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते.

मनीषाचे केस आता पिकले होते. पण बाईंसमोर ती अजून वसतिगृहातल्या मुलीसारखीच हात मागे बांधून उभी होती.

"विद्यापीठातला गुलाब गेला गो," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"कुठला म्हणून विचारतेस? वसतिगृहासमोरचा. वाळवीने मुळापासून खाल्ला."

विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली त्याच्याही आधीपासून तो गुलाब त्या पठारावर होता. फिकट गुलाबी, लहान फुलांचा, वास मात्र पार फाटकापर्यंत. कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई वसतिगृहाच्या मेट्रन झाल्या आणि त्यांनी तो आपल्या पहाऱ्यात घेतला. एकाही मुलीच्या केसांत त्यांनी त्याचं फूल माळू दिलं नाही. निवृत्तीच्या समारंभात या गोष्टीचं कौतुकही झालं होतं.

परवा तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या ऋतिकामॅडमचा फोन आला. तसला गुलाब दुसरीकडे कुठेच मिळत नाही, तुमच्याकडे एखादं कलम असेलच ना?

"मी एक पानसुद्धा घरी नेलं नाही," बाईंनी ताठ्याने सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी छत्री उचलली. मग वही-पत्ता काही न शोधता, आठवतील त्या मुलींच्या दारी निघाल्या. साखळीच्या सुविधाने कानाला हात लावले. "तुमच्या धाकाने आम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, बाई!" दुसरीनेही तेच सांगितलं. कधी नव्हे तो बाईंना आपल्या धाकाचा राग आला.

"तूही बघत नव्हतीस ना?" त्यांनी मनीषाला विचारलं.

"नाही हो."

वाऱ्याची झुळूक आली. ओल्या साडीखालून ओळखीचा वास सोप्यापर्यंत पोचला. मनीषाने मान खाली घातली. बाई उठल्या, झुडपापाशी गेल्या आणि साडीचं टोक हळूच उचललं. चांगलं कमरेएवढं वाढलं होतं. त्यांनी एका फुलाला बोट लावलं आणि डोळे पुसले.

"मेले, कधी नेलंस?"

"तुम्ही सत्यनारायणाला गेला होतात तेव्हा."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "खूप बरं केलंस गो. आता मला एक फांदी कापून दे."

"ते नाही जमायचं."

"का?"

"मी हाताने दिली तर लागायची नाही. गुलाब मागून नेत नाहीत, बाई. चोरूनच न्यावा लागतो. माझा बघा ना कसा धरलाय."

"मी? या वयात?"

मनीषाने कात्री आणून सोप्यावर ठेवली, बाईंकडे न बघता. "मी चहा ठेवते. मला वेळ लागेल हां."

आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. चपला काढून ठेवल्या. जून, हिरवी, पेन्सिलीएवढी फांदी निवडली. कात्रीचा आवाज केवढा मोठा झाला!

"कोण गो ती गुलाबाकडे?" स्वयंपाकघरातून करडा आवाज आला. मेट्रनबाई ओरडायच्या, अगदी तसाच.

सुमंगलाबाईंनी फांदी झटकन पदराखाली घेतली. काटा लागला, तरी हू की चू केलं नाही.

"कोणी नाही, बाई!" त्या म्हणाल्या.