साहेब यायच्या आधी

लूर्डसने केळीच्या बुंध्याशी पडलेला ओला ढीग दोन्ही हातांनी उपसला. लांबलचक देठं, तळहाताएवढी गोल पानं आणि मधूनमधून चिरडलेली पांढरी फुलं. एक फूल तिने बोटावर धरलं. पाच पाकळ्या, त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखी लव, आत पिवळा ठिपका.

“कुमुदिनी उपटलीत तुम्ही? सगळी?”

“साहेब येणार ना आज,” तिचा नवरा व्हॅलेरियन म्हणाला. “बावखल घाण दिसत होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतोच की.”

सकाळपासून तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खपला होता. लूर्डसला रडावं की ओरडावं कळेना. वाडीच्या मधोमध असलेल्या या बावखलावर, या तळ्यावर, त्यांची केळी जगत आली होती. पलीकडचा अर्धा भाग व्हॅलेरियनच्या चुलतभावाने बिल्डरला विकला आणि बिल्डरने तहसीलदाराकडे अर्ज ठोकला: हा खाऱ्या पाण्याचा खड्डा आहे, शेतीला निरुपयोगी आहे, भराव टाकू द्या. खारा म्हणे! कुमुदिनी खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. तिला उथळ, संथ, गोडंच पाणी लागतं. फुललेलं बावखल दाखवलं की साहेबाचं तोंड बंद, एवढ्या भरवशावर लूर्डस बसली होती. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण नवऱ्याला एवढं सांगायचं राहून गेलं.

दहा वाजता तहसील कचेरीतून पाहणीला वेदांत आला. विशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. चिखल लागू नये म्हणून तो काठापासून चार पावलं लांबच थांबला. लूर्डसने ढिगातली पानं त्याच्यापुढे धरली आणि सगळं समजावून सांगितलं.

“पण हे इथलंच कशावरून, टीचर? पाण्यात तर काहीच दिसत नाही.”

“आज सकाळीच काढलंय. मुळं बघा, ओली आहेत अजून.”

“समोरची पार्टी म्हणेल, बाहेरून आणून टाकलं.” त्याने फाईलमधून एक कागद काढला. “काका, लगतचे मालक म्हणून इथे सही लागेल.”

लूर्डसने कागद त्याच्या हातातून ओढूनच घेतला. आजची तारीख, खाली छापील मजकूर: जागेवर प्रत्यक्ष पाहणी केली असता पाणी खारट आढळले.

“हे ऑफिसमधूनच टाइप करून आणलंत?”

“फॉरमॅट असतो टीचर, सगळ्यांना सेमच.”

“पाण्याला बोट तरी लावलंत का? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?” तिचा आवाज चिरकला. म्हणजे बावखल फुलांनी भरलेलं असतं, तरी कागद हाच निघाला असता. आणि मघापासून ती मनातल्या मनात नवऱ्यावर चरफडत होती! तिने व्हॅलेरियनकडे पाहिलं. त्याच्या दंडावर शेवाळ सुकलं होतं.

त्याने शांतपणे तिच्या हातातला कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला.

“पेन द्या, साहेब.”

“अहो!” लूर्डस ओरडली.

वेदांतने पेन दिलं. व्हॅलेरियनने ते खिशाला अडकवलं, कागद तिच्याकडे परत दिला आणि काठावर वाकून ओंजळ भरली. मग ती तशीच वेदांतपुढे धरली.

“आधी चव घ्या. खारं लागलं तर सही करतो.”

वेदांतने फाईल छातीशी धरली आणि रस्त्याकडे पाहिलं. पाणी बोटांमधून गळून गेलं. व्हॅलेरियन पुन्हा वाकला, पुन्हा ओंजळ भरली आणि त्याच्यापुढे धरून उभा राहिला.