ब्रेकला नावं ठेवण्याआधी

मी जीप बोलतेय. बोलतेय कसली, तणतणतेय! डोंगराच्या पायथ्याशी आमचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला मध्यंतरी गुन्हेगारासारखं कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय, तर म्हणे माझे ब्रेक फेल झाले. खोटं! साफ खोटं!

अहो, मला घडवलं तेच मुळी चढ-उतारांसाठी. माझी चारही चाकं ओढतात. शिवाय मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे. तो टाकला की मी चालते हळू, पण जोर दुप्पट येतो. खड्या उतारावर तो दांडा आणि पहिला गिअर टाका, आणि इंजिनच मला धरून ठेवतं. ब्रेकला फारसे कष्टच पडत नाहीत. इतकं साधं आहे. पण साधं ऐकेल तो उस्ताद कसला!

उस्ताद म्हणजे दवाखान्याचा ड्रायव्हर. हे नाव त्याला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही, त्याचं त्यानंच घेतलेलं. एक कोपर खिडकीबाहेर, एक हात स्टिअरिंगवर, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दर गुरुवारी तो नर्सला घेऊन माथ्यावरच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात जायचा. नर्स त्याची सख्खी वहिनी, पण दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणतात. येताना उतार लागला की हा गडी मला खुशाल न्यूट्रलमध्ये सोडायचा. "डिझेल वाचतं वहिनी," म्हणायचा. आणि सगळा भार माझ्या ब्रेकवर. दाब, दाब, दाब! जळका वास सुटायचा, पण उस्तादांच्या नाकापर्यंत तो पोचायचा नाही. नाक वर होतं ना!

एका गुरुवारी व्हायचं तेच झालं. ब्रेक तापून लाल झाले, पॅडल मऊ पडलं, आणि मी सुसाट सुटले. उस्तादानं मला दरडीवर घातलं म्हणून दरीत गेलो नाही. माझा डावा मडगार्ड चेपला, सिस्टरचं मनगट मोडलं. त्याला खरचटलंही नाही. खाली येऊन तो काय म्हणाला असेल?

"ब्रेक फेल! भिकार गाडी! मी होतो म्हणून वाचलो."

नाचता येईना अंगण वाकडं! आणि त्याचं ऐकून कंपाउंडरनं गावभर केलं, "जीपनं दगा दिला." लोक येता-जाता माझ्या चाकाला लाथ मारायचे. मेकॅनिकनं ब्रेक नवे बसवले, तरी उस्ताद म्हणाला, "या भंगारात मी पुन्हा बसणार नाही." झालं. डॉक्टरांनी ठरवलं, गाडी नाही तर वरचं केंद्र बंद. तिकडे माथ्यावर एका बाईला सातवा महिना लागलेला. दिवस भरल्यावर तिनं काय कुणाच्या पाठुंगळी बसून खाली यायचं? हा विचार दवाखान्यात कुणालाच शिवला नाही. म्हणजे, एकीला सोडून.

"मी चालवते," सिस्टर म्हणाली.

सपाट रस्त्यावर ती गाडी चालवायची. पण प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा माझ्यात बसली, आणि समोर नुसता दवाखान्याचा उतार दिसला, तरी ती चावी काढून घाईनं खाली उतरली. मला तिचा राग नाही आला. ज्यानं तिला ही भीती दिली त्याचा आला.

मग तिनं मामीला बोलावलं. ही मामी दगडाच्या खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेली. आवाज असा, की माझा हॉर्न लाजावा.

"उतर खाली," मामी म्हणाली. "आधी पायांनी चढ. जो चढ पायाला कळला नाही, तो चाकाला काय कळणार?"

दोघी अख्खा चढ चालून आल्या. कुठे खडी सुटी आहे, कुठे पाण्यानं घळ पाडलीय, सगळं बघितलं. पहिल्या दिवशी मामीनं तिला नदीकाठच्या बुटक्या उंचवट्यावरच घोळवलं. तो सरावाचा झाल्यावर त्याहून थोडा मोठा. सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आडवी घालायची नाही. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, दगडावर चाक फिरलं तर बोट मोडतं.

एकदा तर मामीनं मुद्दाम अर्ध्या चढावर इंजिन बंद पाडायला लावलं. सिस्टर किंचाळली. "मामी, मागं जातेय!"

"जाऊ दे की! आपणच नेऊ तिला मागं. ब्रेक दाब. हँडब्रेक ओढ. आता रिव्हर्स टाक, क्लच सोड, हँडब्रेक काढ, आणि चावी फिरव. वळवायचं नाव काढू नकोस. ये सरळ."

आम्ही सरळ मागे आलो. सिस्टर रडत होती आणि हसतही होती. "परत," ती म्हणाली. मामीनं नाही, तिनं म्हटलं! त्या क्षणी मला ती फार आवडली.

पुढच्या गुरुवारी आम्ही निघालो. सिस्टरला सांभाळायला म्हणून डॉक्टरांनी शेजारी कुणाला बसवावं? उस्तादाला! भंगारात न बसणारे साहेब ऐटीत बसले. चढताना "रेस द्या, रेस द्या" सुरूच. ती एका लयीत वर गेली. त्या बाईला तपासलं. बाळ आडवं होतं, दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. तिला मागच्या बाकावर निजवलं, सासू उशाशी बसली.

उतार लागला. छोटा दांडा, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला. मी पावलापावलानं उतरत होते, मागच्या बाईला धक्काही न लागता.

"असं तर उद्या पोचू," उस्ताद म्हणाला, आणि हात घालून त्यानं माझा गिअर हिसकून न्यूट्रल केला.

मी सुटलेच! पण सिस्टरनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गिअर पुन्हा पहिल्यात घातला. ब्रेक नवे होते, थंड होते. मी जागच्या जागी उभी राहिले.

"भावोजी, उतरा."

"अहो वहिनी, मी आपलं..."

"उतरा म्हणते ना! मागं दोन जीव आहेत. चालत या."

तो उतरला. आम्ही खाली पोचलो, बाईला आत नेलं. बऱ्याच वेळानं उस्ताद धुळीनं माखून फाटकातून आला. कंपाउंडर धावलाच. "चालत? काय उस्ताद, पुन्हा ब्रेक गेला वाटतं?"

आजही मी दर गुरुवारी वर जाते. मडगार्ड तसाच चेपलेला आहे. चालवणाऱ्यांनो, उतारावर मला गिअरमध्ये ठेवा, आणि काही बिघडलं तर आधी विचारा, चाकामागे कोण होतं. बाकी माझं काही मागणं नाही.

कारण त्या दिवशी उस्तादानं कंपाउंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या वहिनीकडे बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "नाही. ब्रेक चांगले आहेत. तेव्हाही चांगलेच होते."